अष्टमीला मी देवी झाले

मी एकदा एका बाईच्या कपाळावर पितळेची घागर मारली आणि मारणारी मी नव्हे, देवी होती, असं सगळ्यांना वाटू दिलं. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याविषयी भलता आदर वाटायला नको. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. अक्कल यायचं वय. माझी बहुधा कल्याणलाच उतरली, बदलापूरपर्यंत पोचली नाही. आज दोन नातवंडांची आजी झाले, तरी तेव्हाची ती देवी झालेली बाई आठवली की तिच्या मुस्कटात भडकवावीशी वाटते. पंचाईत एवढीच की गाल माझाच आहे.

आम्ही बदलापूरला, बेलवलीत नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. त्या नवरात्रात महिला मंडळाने भाषणाची स्पर्धा ठेवली, विषय 'धर्म म्हणजे काय'. मी शंभर पानी वही आणली आणि व्याख्या गोळा करायला लागले. जो धारण करतो तो धर्म. धर्म म्हणजे कर्तव्य. धर्म म्हणजे आचार, असं गुरुजी म्हणाले. कुठल्याशा जाड पुस्तकात होतं, देवावरची श्रद्धा म्हणजे धर्म. दुसऱ्यात होतं, देव असलाच पाहिजे असं काही नाही, चार माणसं मिळून ज्याला पवित्र मानतात आणि ज्याच्याभोवती एकत्र येतात तो धर्म. ही मला फार आवडली. अर्थ कळला नव्हता, पण म्हणायला भारदस्त होती.

भाषणाची तालीम मी स्वयंपाकघरात करायची. श्रोती एकच, भांडी घासणारी. चामटोलीहून यायची, चाळिशीची, घर सासऱ्यांच्या काळापासून बौद्ध. आमच्या इमारतीत सहा घरं होती तिच्याकडे. एके दिवशी तिने नळ बंद केला आणि विचारलं, "ताई, एवढं सगळं ठीक आहे. पण म्हणजे नक्की करायचं काय?"

"करायचं काय म्हणजे? धारण करायचं."

"आमच्यात बरंय. पाच गोष्टी करायच्या नाहीत, बस. जीव घ्यायचा नाही, चोरी नाही, खोटं नाही, दारू नाही, वाईट चाल नाही. तेवढंच सांभाळताना नाकी नऊ येतात." मग माझ्या वहीकडे बघून हसली. "तुमचं पाठ करायलाच वर्ष जाईल."

मला ते हसणं लागलं. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा मिळाला, टाळ्या मिळाल्या, तरी ते आत कुसळासारखं टोचत राहिलं. एवढ्याशा कुसळाने माणूस काय करतो ते आता ऐका.

आम्हा कोकणस्थांत अष्टमीला तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मी उभी करतात आणि संध्याकाळी बायका उदवलेल्या घागरीत फुंकर घालत फेर धरतात. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं, मग तिला देवी समजून प्रश्न विचारतात. ज्यांना खरंच काही होत असेल त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. माझ्याबद्दल बोलते.

त्या वर्षी महालक्ष्मी वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे होती. सकाळी त्यांनी उकड मळली, मुखवटा केला. दुपारी लक्षात आलं, बोटातली अंगठी नाही. उल्हासनगरहून घेतलेली, सोन्याची, जराशी सैल. घर पालथं घातलं. उकडीची पातेली घासायला कोण आलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. वाट बघत होते, दुसऱ्या कुणीतरी म्हणावं म्हणून.

दिवेलागणीला घागरी सुरू झाल्या. पंचवीस-तीस बायका, बंद खिडक्या, धूप. मी इतक्या जोरात फुंकलं की डोळ्यांपुढे काजवे आले आणि मी डोललेही. तिथे थांबता आलं असतं. पण कुणीतरी ओरडलं, "आली, आली," आणि माझ्या पायांवर डोकी टेकायला लागली. स्टीलच्या डब्याची सवय लागलेल्या बाईला एवढा मान मिळाला तर ती काय भानावर येणार? मी केस सोडले आणि घुमायला लागले.

वहिनी पदर पसरून म्हणाल्या, "आई, माझी अंगठी कुणी नेली?"

भांडी घासणारी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ओलं फडकं. माझ्याकडे बघत होती आणि मला ओळखत होती. त्या खोलीत तेवढी एकच मला ओळखत होती. मी घागर उचलली आणि तिच्या दिशेने गेले. वाटलं होतं नुसतं बोट दाखवावं. हात बोटावर थांबला नाही. घागरीचा काठ तिच्या भुवईवर बसला, कातडी उसवली आणि रक्त डोळ्यात, ओठांत, तिथून गळ्यावर.

"देवीने दाखवलं," कुणीतरी म्हणालं. पुढचं करायला मग देवीची गरज उरली नाही. अत्तर लावलेल्या, गजरे माळलेल्या बायका तिच्यावर तुटून पडल्या. एकीने केस धरले, एकीने बांगड्यांच्या हाताने थोबाडीत मारल्या, दोघींनी झडतीच्या नावाखाली पोलकं फाडलं. ती म्हणत होती, "मी घेतली नाही, मी चोरी करत नाही," आणि दर वेळी तोंडावर चपराक बसत होती. वहिनींच्या यजमानांनी पट्टा काढला. बकल पाठीवर वाजल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तिला दारापर्यंत फरफटत नेलं. तिने चौकट धरून ठेवली, तेव्हा कुणीतरी लोखंडी सेफ्टी डोअर ओढून घेतलं. मनगट मोडलं. वाळकी शेंग मोडल्यासारखा आवाज झाला. जिन्यात दांडियाच्या काठ्या घेतलेली पोरं उभी होती. एका पोरीने बिचकत बिचकत तिला आपलीही काठी मारली.

आणि मी? मी मध्ये उभी, केस मोकळे, कपाळभर कुंकू. तीस बायका मिळून एका गोष्टीला पवित्र मानत होत्या आणि ती गोष्ट मी होते. वहीतली भारदस्त व्याख्या मला तेव्हा कळली. कळली तरी मी घुमतच राहिले, कारण थांबले असते तर त्या कुणाकडे वळल्या असत्या ते मला दिसत होतं.

सकाळी विसर्जनाआधी मी आणि वहिनी मुखवटा उतरवत होतो. उकड वाळून तडकली होती. हनुवटीचा भाग सुटून हातात आला आणि त्यातून अंगठी टपकन पाटावर पडली. मळताना, तेलाच्या हाताने, गोळ्यात गेलेली. रात्रभर देवीच्याच हनुवटीत.

वहिनींनी ती धुतली, बोटात घातली. "बघा, आईने परत दिली. कुणाला सांगायला नको, उगाच चर्चा."

"तिला तरी सांगायला हवं ना?"

"काय सांगणार? देवी चुकली?" आणि मग बारीक डोळे करून, "काल तुमच्या अंगात आली होती ना हो?"

"नव्हती आली," मी म्हणाले.

थाडकन् वहिनींची कानाखाली बसली. कान दिवसभर वाजत होता. यजमान आतून म्हणाले, हे दाराबाहेर गेलं तर जिन्यात पाय मोडून ठेवीन. मला आयुष्यात पहिल्यांदा भीती आणि हलकेपणा एकदम वाटला.

त्याच संध्याकाळी रिक्षाने चामटोलीला गेले. कुठून आले ते सांगताच दारात तिच्या सासूने मला ओळखलं आणि हातातला तांब्या फेकून मारला. तो खांद्याला लागला. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आत ती भिंतीला टेकून बसली होती. भुवईला टाके, एक डोळा बंद, हात प्लास्टरमध्ये. सहाही घरांनी सकाळीच फोन करून येऊ नको म्हणून कळवलं होतं. थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं, तिकडूनही विचारणा झाली होती, आई चोरीत सापडली हे खरं का. तिच्या घरचे चौकीत गेले तेव्हा साहेब म्हणाले, देवी अंगात आली होती म्हणतात, मग नाव कुणाचं लिहू?

मी सगळं सांगितलं. अंगठी कुठे सापडली ते. अंगात काही आलं नव्हतं, मी तिला ओळखूनच मारलं ते. का मारलं तेही, तिच्या हसण्याबद्दल. माझं मलाच ते फार क्षुल्लक वाटलं. सासू कपाळावर हात मारून शिव्या घालत होती, एकाहून एक अस्सल. मी सुनेचे पाय धरायला वाकले तर तिने ते आखडून घेतले.

मग बऱ्या हाताने भिंत धरून उठली. पदर टाक्यांवरून पुढे ओढला, चपला शोधल्या. मी विचारलं, कुठे निघालीस, तुला चालवत तरी आहे का. माझ्याकडे उघड्या डोळ्याने बघत ती म्हणाली, "चला, सोसायटीच्या गेटवर. आत्ता बोललात ते सगळं तिथे मोठ्याने बोलायचं, मग चौकीत. भिऊ नका, मी बाजूला उभी राहते, कोण हात लावतंय तुम्हाला ते बघते."