ब्रेकला तेल लावू नये: भुकूम ते नेरे, सायकलवर, भर पावसात

चाकांतली हवा मी चौथ्यांदा अंगठ्याने दाबून पाहिली तेव्हा माझा नवरा निखिल डोळे चोळत हॉलमध्ये आला आणि म्हणाला, "निघ तरी, नाहीतर झोप तरी."

निघाले. रविवार, सकाळचे सव्वासहा, बाहेर संततधार.

आधी सांगते, हा हौसेचा प्रवास नव्हता. पुढच्या महिन्यापासून आमच्या हिंजवडीच्या ऑफिसने आठवड्यातून तीन दिवस हजर राहायचा हुकूम काढला आहे. मी राहते भुकूमला. दोन वर्षं घरूनच काम करत होते आणि बाहेर पडायचं तर निखिल सोडेल तेव्हाच. याचं कारण माझी स्कूटर. दोन वर्षांपूर्वी अशाच पावसात, आमच्याकडेच राहणाऱ्या आईला मागे बसवून मी बँकेत निघाले होते. वळणावर चिखल होता, स्कूटर घसरली. मला खरचटलंसुद्धा नाही, आईचा उजवा हात मनगटात मोडला. हात जुळला, पण आई मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून स्कूटर पार्किंगमध्ये कव्हरखाली आहे, आणि आई कोणाच्याही गाडीत बसली तरी दारावरचं हँडल घट्ट धरून बसते.

सायकल मी एवढ्यासाठीच घेतली की पडले तर मी एकटी पडेन. ठरवलं होतं, या रविवारी कोणाच्याही मदतीशिवाय नेऱ्यापर्यंत पोचायचं, तिथून हिंजवडी काय, हाकेच्या अंतरावर. नाही जमलं तर सोमवारी राजीनामा. हे मी निखिलला सांगूनही टाकलं होतं, आणि सांगितल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं.

आता तयारीबद्दल, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच वाचत असाल. सायकल सेकंडहँड, साधी, रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, पावसात चालवणार तर मडगार्ड घ्या." साडेतीनशे रुपये. मला वाटलं, सायकल दूधवाल्याची दिसेल, नको. त्याऐवजी सव्वीसशेचं परदेशी पद्धतीचं रेनजॅकेट घेतलं. सहा पान्ह्यांचा एक संच घेतला, तो उघडलाही नाही. इंटरनेटवर दहा व्हिडिओ पाहिले आणि शनिवारी संध्याकाळी तेलाचा स्प्रे घेऊन बसले. चेनला मारला. पेडलला मारला. ब्रेक दाबले की किंचाळत होते. आमच्या घरात जे कुरकुरतं त्याला तेल घालायची पद्धत आहे, दाराची बिजागरी असो की शिलाई मशीन. मग ब्रेकलाही मारला, रिमलाही मारला, सढळ हाताने. किंचाळणं एकदम बंद. मी स्वतःवर खूश.

भुकूमच्या कमानीपाशी ब्रेक जरा मऊ वाटले. म्हटलं, पाणी असेल. नांदे-चांद्याकडून जवळचा रस्ता आहे, पण त्यावर डंपर फार, म्हणून मी पिरंगुट धरलं होतं. पिरंगुटच्या घाटाचा उतार लागला, मागून टेम्पोचा हॉर्न वाजला, मी दोन्ही ब्रेक मुठीत आवळले, आणि काहीही झालं नाही. सायकल आपली चाललीच आहे. वेग वाढतोय, चष्म्यावर पाणी, पुढे वळण. मी डावा पाय खाली टाकला, सँडल घासत घासत कडेच्या मुरमात शिरले आणि गवतात आडवी झाले. टेम्पोवाला थांबला, "लागलं का?" म्हणाला, मी मान हलवली, तो गेला.

लागलं नव्हतं. पण हात थरथरत होते, आणि तेच ते दोन वर्षांपूर्वीचे हात होते. उरलेला घाट सायकल हातात धरून उतरले. खाली पिरंगुटला हॉटेलात बसून मिसळ मागवली, ऐंशी रुपये, रस्सा झणझणीत, आणि मी दोन घास खाऊन उठले. निखिलला फोन लावला, पहिली रिंग वाजायच्या आत कापला. पुढे रिहे गावापर्यंत सपाट आहे, म्हटलं, तिथवर तर जाऊ. दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट मात्र खाली घेतली. पान्ह्यांचा संच तेव्हा पहिल्यांदा उघडला.

घोटवड्यापासून पुढे रस्ता अरुंद होतो, खड्डे आहेत पण रहदारी नाही. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्येच एखादं फार्महाऊस, लोखंडी गेट आणि आत कोणी नाही. एरवी मी या रस्त्यावर दहा फोटो काढले असते. त्या दिवशी माझं लक्ष फक्त रिह्यापुढच्या खिंडीकडे होतं. खिंड चढायची मला चिंता नव्हती, पलीकडे उतरायची होती. त्यात मडगार्ड नसल्यामुळे मागच्या चाकाने माझ्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा ओढलेला, आणि सव्वीसशेच्या जॅकेटात पावसापासून वाचलेली, पण आतून घामाने निथळत. पाऊस परवडला असता.

रिह्यात रस्त्यालगतच्या गोठ्याच्या पत्र्याखाली थांबले. समोरच्या खाचरात वीसेक माणसं वाकून भात लावत होती. बांधावरून एक साठीचे गृहस्थ आले, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. त्यांना सगळे बबनकाका म्हणत होते, मीही तेच म्हणाले. त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली, रिमवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"त्याल हाय ह्ये."

"हो, मी लावलं. ब्रेक कुरकुरत होते."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हशीला शर्ट घातल्याचं सांगितलं होतं. मग खाचराकडे तोंड करून ओरडले, "शेवंते, ऐकलं का? ह्या ताईनं ब्रेकाला त्याल लावलंय!"

वीस माणसं कंबर सरळ करून उभी राहिली आणि हसली. एक बाई तर बांधावरच बसली. मीही हसले, दुसरं काय करणार.

"ताई, ब्रेकाचं कामच हाय वरडायचं," काका म्हणाले. "त्यो वरडतोय म्हंजी धरतोय. गप बसला का समजायचं, गेला कामातनं."

शेवंताकाकू, म्हणजे त्यांची बायको, चिखलाच्या पायांनी वर आल्या. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन त्यांनी दोन्ही रिम अशा घासल्या, जशी आपण दिवाळीची पितळी भांडी घासतो. वरून साबणाचं पाणी. काकांनी माझ्या संचातल्या पान्ह्याने चारही रबर काढले, मोटारसायकलचा प्लग घासायचा पॉलिश पेपर आणला आणि रबरांचा वरचा तेलकट, चकचकीत थर घासून काढला. "आता ह्येला हात बी लावायचा न्हाई. तेलाचा हात तर मुळीच न्हाई." चेनसुद्धा त्यांनी फडक्याने पुसून कोरडी केली. तेल कडीच्या आत हवं, वर दिसलं की त्याला माती चिकटते, एवढं साधं मला दहा व्हिडिओंनी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी पुढे ढकललं असेल.

पाऊण तास गेला. मी पाकीट काढलं. काकूंनी हात मागे घेतला.

"आज इर्जीक हाय बाय. आज पैशाचं नाव न्हाई काडायचं."

इर्जीक म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात लावणी करायची आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. पुढच्या खेपेला त्याने दुसऱ्याच्या शेतात राबायचं. मजुरी नाही, हाताला हात. आणि त्यांचा पाऊण तास तर मी खाल्ला होता.

"मग मी काय देऊ?"

"हात दे की. न्हाईतर फुडच्या रविवारी पल्याडच्या खाचरात लावणी हाय, तवा ये."

मी सँडल काढून खाचरात उतरले. अर्धा तास लावणी केली. माझी ओळ बैल मुतल्यासारखी वाकडी, हे काकूंचे शब्द, माझे नाहीत. पण चिखलात रोप खोचताना पहिल्यांदा लक्षात आलं की हात थरथरायचे थांबलेत. पुढच्या रविवारी येते म्हणून सांगितलं. "समदी शहरातली अशीच म्हंत्यात," काकू म्हणाल्या, आणि खताच्या रिकाम्या पिशवीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून मला खोळ करून दिली, कमरेला सुतळीने बांधून.

खोळीबद्दल प्रामाणिक मत: चढावर सायकल हातात धरून चालताना उत्तम, पाठ कोरडी, खालून वारा लागतो, घाम नाही. उतारावर अजिबात नको, वाऱ्याने डोळ्यांवर येते. खिंडीच्या माथ्यावर मी ती काढून कॅरिअरला बांधली.

माथ्यावर किती वेळ उभी होते माहीत नाही. एक मेंढपाळ मेंढरं घेऊन गेला, नंतर कोणी नाही. पलीकडे खाली धुकं, रस्ता ओला, वळणं दिसतात तेवढी दिसतात. मला भीती वाटत होती, साधी, शाळकरी भीती. ब्रेक दाबून पाहिला. किंचाळला. परत दाबला, परत किंचाळला. मग मी पेडलवर पाय ठेवला आणि उतरू लागले, ब्रेक सोडत, धरत, सोडत, धरत, आणि ती सायकल खाली पोचेपर्यंत रस्ताभर ओरडत होती. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. नेऱ्याच्या पहिल्या इमारती दिसल्या तेव्हा मी रडत होते. पाऊस असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

परत न्यायला निखिल ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन नेऱ्याच्या चौकात थांबला होता. परत मात्र गाडीतून आले. सायकल मागे कोंबली, सीटवर चिखल झाला.

सोमवारी राजीनामा दिला नाही. बुधवारी आधी मडगार्ड बसवलं, साडेतीनशेचंच. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत, बॅग पाठीवर नाही तर कॅरिअरवर, बुटांऐवजी सँडल आणि हेल्मेटखाली पुढे छज्जा असलेली टोपी, चष्मेवाल्यांनी तर नक्की. महिना उजाडल्यावर ऑफिसला कशी जाते ते बघू, पण जाणार.

मला खरी घाई झाली होती रविवारची. शनिवारी मी आईला इर्जिकीचं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मोकळ्या हाताने जाणार? मी शिरा करते. मीही येते."

"निखिलला सांगते गाडीने..."

"निखिल कशाला? स्कूटर आहे ना."

लाटणं थांबलं नाही. मी सरळ खाली गेले आणि स्कूटरचं कव्हर काढलं. बॅटरी मेलेली, टायर कडक झालेले. भुकूमच्या गॅरेजवाल्याने संध्याकाळपर्यंत दोन्ही बदलले. ब्रेक मी स्वतः तपासले, बारा वेळा. रात्रभर झोप नाही.

सकाळी पाऊस होताच. पिरंगुटच्या घाटात मी इतकी हळू होते की दुधाच्या गाड्यासुद्धा मला ओलांडून गेल्या. ज्या गवतात मी आडवी झाले होते ते मी आईला दाखवलं नाही. रिह्यात काकूंनी आम्हाला बघून कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "आली की ही खरंच!" आई बांधावर बसून शिरा वाढत होती, मी माझी वाकडी ओळ लावत होते. संध्याकाळी तशाच पावसात परत आलो.

घरी पोचल्यावर हेल्मेट काढताना मला एकदम आठवलं, की जाताना सबंध घाटात माझ्या कमरेला, खांद्याला कुठेच पकड जाणवली नव्हती.

"आई, सकाळी घाटात मला धरलं का नव्हतंस?"

आई ओल्या साडीचा पदर पिळत होती. "दोन्ही हातांत डबा होता," ती म्हणाली. "आणि तू चालवत होतीस की."