दूध कुणीकडं गेलं

१९ डिसेंबर, येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सकाळी उठल्याबरोबर नवं मडकं पाण्यात बुडवून ठेवलं. कोरडं चुलीवर चढवलं की तडकतं. हे काम गेल्या वर्षापर्यंत तुळसाक्काचं होतं. ती उन्हाळ्यात वारली, म्हणून यंदा माझ्याकडं आलं.

तुळसाक्का आमच्या बांधाची शेजारीण. बोलताना ती माणसाकडं बघत नसे. त्याच्या मागं कुणी उभं असावं तसं खांद्यावरून पलीकडं बघे. नवखा माणूस हटकून मागं वळायचा. "कुणी न्हाई रे," ती म्हणायची, "तुझं पुढलं साल हाय."

आमच्या आळंद भागात येळवशीला सगळे रानात जेवतात. कडब्याच्या कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे आणि त्यांच्यापुढं दूध तापवायचं. दूध ज्या दिशेला उतू जाईल तिकडं पुढल्या साली पिकतं. त्या वेळी बाकीचे आंबील शिंपडत रानाला फेरी घालतात. चुलीपाशी एकटी बाई राहते. ती सांगेल ती दिशा. कुणी किती पेरायचं, कुणी रान बटईनं द्यायचं, हे त्यावर ठरतं. माझी डाळगिरणी याच रानांतल्या तुरीवर चालते, त्यामुळं मीही कान देऊन असे.

दोन वर्षांमागं फेरीत माझी चप्पल तुटली आणि मी आधीच परतले. दूध काठापर्यंत चढून घुमटासारखं फुगलं होतं. जाळही चांगला होता. ते तसंच थांबलं आणि हळूहळू खाली बसलं. तुळसाक्कानं मडक्यावर परात झाकली. लोक आल्यावर म्हणाली, "दक्षिणेला."

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, खोटं का सांगितलंस. ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होती.

"खरं सांगितलं तर पेरणार कोण, सुमन? आन् कुणी पेरलंच न्हाई, तर दूध खरं हुतंय."

किती वर्षं असं चाललंय म्हटल्यावर तिनं मला आंबील वाढली. पुढल्या साली निम्मी तूर उभ्याउभ्या वाळली. पण निम्मी आली, आणि गिरणी चालली.

आता पूर्वेची रानं सोलारच्या कंपनीनं भाड्यानं घेतलीत. तुरीच्या जागी काळ्या प्लेटा आहेत. दिवस कलला की वारा नसतानाही सगळ्या एकदम माना वळवतात. पाखरू तिथं बसत नाही.

आमच्या उत्तरेला भीमण्णाचं रान, प्लेटांना लागून. कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी त्याची सही घ्यायला येणार होता. त्यानं रान दिलं की मागोमाग सगळे देणार, आणि मला गिरणीला कुलूप लावावं लागणार. यंदा फेरीला निघताना भीमण्णा म्हणाला, "वैनी, दूध माझ्याकडं आलं तर ठिवतो रान. न्हाई तर देऊन टाकतो, लेकरं तशीबी हैदराबादलाच हायेत."

मी जाळ चांगला घातला. दूध चढलं, काठाशी फुगलं, थांबलं. मग खाली बसलं. मडक्याला बाहेरून हात लावून पाहिला. एक थेंब नव्हता. पाठीशी कुणी उभं आहे असं वाटलं. मी वळले नाही. लोकांच्या आरोळ्या जवळ आल्या होत्या. परात झाकली.

"कुणीकडं, वैनी?"

"उत्तरेला," मी म्हणाले. "तुझ्याकडं."

भीमण्णानं टोपी काढून पाच दगडांपुढं डोकं टेकलं. उठून माझ्याकडं पाहिलं आणि चटकन मागं वळला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं घासायला घेतलं. बाहेरून, एका अंगाला, काठापासून बुडापर्यंत दुधाचा वाळलेला ओघळ होता. काजळीवरून चुलीचं तोंड कुठं होतं ते ताडून पाहिलं. अंग उत्तरेचंच होतं. राख घेऊन ओघळ घासून काढला, मडकं पालथं घातलं आणि गिरणीवर जाऊन पट्टा ताणून घेतला. भीमण्णाची तूर यायची होती.