पाकीट वाचणारी मामी

आमचा मामा खाटीक. त्याचा सत्तूर दुकानात चाले आणि हात घरात, मामीवर. एकदा त्याला बोकडाच्या अंगावरची गोचीड चावली आणि अशी अ‍ॅलर्जी जडली की खाटकालाच मटण बंद झालं. दूधसुद्धा चालेना, घसा सुजून जीव जायची वेळ यायची. पाकिटावरची बारीक अक्षरं त्याला दिसत नसत. मामी वाचायची, मग हा मेला खायचा.

एका दुपारी दुकानात कोरा चहा पिताना त्याचा घसा आवळला. "दूध घातलंस, हरामखोरा!" असं ओरडत त्याने किलोचं वजन हाणून चहावाल्याचा जबडा फोडला आणि तिथेच कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा त्रास खाल्ल्यावर लगेच होत नाही, काही तासांनी होतो. सकाळी काय खाल्लं होतं?"

"बिस्किटं," मामी म्हणाली.

बाई बाहेर जाताच मामा खेकसला, "भवाने, पाकीट वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं. दुधाची भुकटी होती त्यात."

त्याने सलाईन लावलेला हात उगारला. मामी जागची हलली नाही.

"मार की. उद्याचं पाकीटही मीच वाचणार आहे."