आमचा आषाढ, त्यांचा सावन

माझ्या मुलीचं लग्न जमणार की फिसकटणार, हे एका टेकडीवर ठरायचं होतं, आणि त्या टेकडीवर काय खायचं हे माझ्याकडे होतं.

मुलगी ग्वाल्हेरला बँकेत नोकरीला. तिथेच एक मुलगा तिला आवडला, आणि तो निघाला झाशीचा, सीपरी बाजारातला. आम्हाला झाशीत येऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. यांची रेल्वेतली बदली, भुसावळहून. मुलाला वडील नाहीत. आई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या, पण दर रविवारी एखादी टेकडी चढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भेटायचं कुठे असं विचारलं, तर फोनवर म्हणाल्या, "बहनजी, घर में बैठकर तो सब मीठा बोलते हैं। एक दिन साथ चलेंगे, तब आदमी पता चलता है। हाँ, खाना आपकी तरफ़ का खाएँगे।"

आता 'आपकी तरफ़ का' म्हटल्यावर मी काय पोहे बांधून नेणार होते? मुलगी फोनवर सांगत होती, "आई, साधंच कर गं. जड काही नको." मी म्हटलं, तू मला स्वयंपाक शिकवू नकोस. त्यातून तो रविवार गटारीचा. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणजे महिनाभरासाठी मटणाला निरोप द्यायचा दिवस. आमच्या घरात हा रविवार कधी कोरडा गेला नाही. यांनी शनिवारी सकाळी मटण आणि खिमा आणला आणि वर कौतुकाने सांगितलं, "दुकानात चिटपाखरू नव्हतं. हवं तसं निवडून आणलं." दुकान रिकामं का, हे ना त्यांना सुचलं ना मला. दोघांनीही अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

शनिवारी दिवसभर मी ओट्याशी उभी. सुकं मटण, खिमा पॅटिस, लसणाची चटणी, घरी टांगलेलं केशरी श्रीखंड. रविवारी पहाटे चारला उठून मटण गरम केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. कागदी ताटल्या मला आवडत नाहीत. कपाटातल्या काचेच्या बशा काढल्या, एकेक टॉवेलात गुंडाळली. कापडी रुमाल इस्त्री करून घेतले. बसायला सतरंजी आणि तिच्यावर घालायला भरतकामाची चादर. दोन थर्मास चहाचे, एक गार पाण्याचा. हे म्हणाले, "अगं, टेकडी चढायची आहे, बिऱ्हाड हलवायचं नाही." मी म्हटलं, "तुम्ही फक्त उचला."

साडेपाचला फोन वाजला. मुलाची आई.

"बहनजी, एक बात रह गई। प्याज-लहसुन तो नहीं डाला न? सावन है, मेरा पूरा महीना परहेज़ रहता है।"

मी "नहीं नहीं, बिल्कुल नहीं" म्हणाले आणि फोन ठेवला. भिंतीवर भुसावळहून मागवलेलं कॅलेंडर होतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, आषाढ. मग डोक्यात उजेड पडला. इकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपला श्रावण लागायच्या पंधरा दिवस आधी इकडचा सावन सुरू होतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण ऐकलेलं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. मी त्या बाईंच्या सावनात, सोमवारच्या आदल्या दिवशी, त्यांच्यापुढे मटणाचा डबा उघडणार होते.

साडेसातला निघायचं होतं. दोन तासही हातात नव्हते. आधी यांच्यावर ओरडून घेतलं. त्यांचा काही दोष नव्हता, पण समोर तेच होते. मग सगळे डबे रिकामे करून मटण-पॅटिस फ्रिजमध्ये कोंबले, खिडक्या उघडल्या, पंखे लावले. तरी घरभर मसाल्याचा वास. डबे गरम पाण्याने धुतले, लिंबू चोळलं, नाक लावून पाहिलं, तर मटण आपलं तिथेच. शेवटी देवघराच्या खालच्या फळीवरचे नैवेद्याचे पितळी डबे काढले. त्यांना कधी कांदासुद्धा शिवला नव्हता.

सव्वासहाला मुलगी ग्वाल्हेरच्या गाडीने आली. दारातच थबकली. "आई, हा कसला वास?"

सांगितलं. ती पांढरीफटक पडली. खुर्चीवर बसली, बॅग खांद्यावरच. मग म्हणाली, "हे त्यांना कळता कामा नये. कधीच. तू सांग, आपण शाकाहारी आहोत."

"कायमचे?"

"आई, प्लीज."

हे कणीक चाळता चाळता म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उगाच?"

मला संताप आला, पण भांडायला वेळ नव्हता. दूध-गूळ घालून दशम्यांची कणीक भिजवली. मुलगी लाटत होती, मी भाजत होते. हिंग-जिऱ्याची बटाट्याची भाजी, दाण्याचं कूट घालून काकडीची कोशिंबीर, तिखटमिठाच्या पुऱ्या. श्रीखंड तेवढं वाचलं. पहिल्या चार दशम्या करपल्या. साडेसातला खाली मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा मी शेवटचा डबा फडक्यात बांधत होते. केस विंचरायचे राहिलेच.

टहरौलीच्या रस्त्याला एक टेकडी आहे. मुलाची आई नोकरीच्या सुरुवातीला त्या बाजूच्या शाळेत होत्या, तेव्हापासून ती त्यांच्या पायाखालची. मोठमोठे काळे धोंडे, मधून पळसाची झाडं, हिरवं गवत गुडघ्यापर्यंत. त्या पुढे, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काठी. मागे वळून न बघता प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत चार पावलं पुढे. बदली परत झाली तर? मुलगी चिडते का? तुम्ही चिडता का? मी दम लागलेल्या आवाजात म्हटलं, "बहुत।" त्या पहिल्यांदा हसल्या. माझ्या मनात एकच, आपल्या कपड्यांना वास तर येत नाही ना.

वर एका सपाट खडकावर चादर अंथरली. बशा निघाल्या, रुमाल निघाले. त्या सगळ्याकडे त्यांनी पाहिलं, पितळी डब्यांकडे जरा जास्तच वेळ. दशमीचा एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "बहुत बढ़िया," म्हणाल्या. मला हायसं वाटलं. मग पुरी मोडत त्यांनी अगदी सहज विचारलं, "बहनजी, आपका सावन तो अभी लगा नहीं न? मेरे स्कूल में महाराष्ट्र की एक टीचर थीं, उनका पंद्रह दिन बाद लगता था।"

"जी।"

"तो मेरे फ़ोन से पहले क्या बनाया था?"

हे समोरच्या पळसाची पानं मोजायला लागले. मुलगा बुटाची नाडी बांधत बसला, जी बांधलेलीच होती. मुलीने माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नको.

बटाट्याची भाजी म्हटलं असतं तर मिटलं असतं. एवढ्याशा थापेवर लग्न लागलं असतं. पण मग माझ्या मुलीने माझ्या घरून जाताना जन्मभर तोंड धुवायचं, कपडे हुंगायचे, आईकडे काय खाल्लं याची गोष्ट रचायची? सकाळचे ते दोन तास मला पुरे झाले होते.

"मटन," मी म्हणाले. "और खीमे के पैटीस। फ्रिज में रखे हैं।"

त्या माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुमने तो कहा था, घर में अंडा तक नहीं आता।"

म्हणजे हे आजचं नव्हतं. ही बया कित्येक महिने आमच्या घराची वेगळीच गोष्ट त्यांना सांगत आली होती. मला तिथल्या तिथे तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझ्या हातचं खाऊन मोठी झाली आणि माझ्याच चुलीची लाज?

"झूठ कहा था, आंटीजी," ती म्हणाली. "डर लगता था कि आप मना कर देंगी।"

"मेरी रसोई में नहीं पकेगा।"

"जी।"

"आँगन में भी नहीं।"

"जी।"

तिच्या प्रत्येक 'जी'ला माझं डोकं तापत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच पुढे बोलली. "पर मैं छोड़ूँगी भी नहीं। जब मन होगा, आई के घर जाकर खाऊँगी। आपको बताकर जाऊँगी।"

"हर बार?"

"हर बार।"

खालच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, तो दिसेनासा होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग त्यांनी श्रीखंडाचा डबा पुढे ओढला, मुलीच्या बशीत वाढलं, मग मुलाच्या. आणि मला म्हणाल्या, "देवउठनी के बाद की कोई तारीख़ निकलवाइए, बहनजी।" देवउठनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी; लग्नाचे मुहूर्त त्यानंतरच.

हे इतके खूश झाले की चहा सांडला. मलाही आनंद झाला, नाही कसा होईल. पण ते 'अंडा तक नहीं आता' कानातून जात नव्हतं.

उतरताना मुलगी मुद्दाम माझ्याबरोबर मागे राहिली. बाकीचे पुढे गेले होते. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "आई, नुसती भीती नव्हती. मला लाज वाटायची."

"माझी?"

"हो."

तिने ते वळवून, गोड करून सांगितलं नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडाने तिला गोड बोल म्हणणार होते. मला खूप लागलं. खडक शेवाळलेले होते आणि तिने माझा दंड घट्ट धरला होता. रस्ता येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि तिचा हातही झटकला नाही.