दणकाभाऊंचा जाहीर खुलासा

दणकाभाऊंना बोटांवर अक्षरे मोजायची सवय होती. कोणी काही सांगू लागले की त्यांचा उजवा हात मांडीवर येई आणि अंगठा एकेका पेरावरून फिरू लागे. तुमचे आजोबा गेले तेव्हा हा माणूस माझ्यासमोर बसून हुंदके देत होता आणि त्याचा अंगठा पेरांवरून फिरत होता. मला कळले, बातमी दोन कॉलमांत बसवायची की तीन, ते चालले आहे. मला त्यांची इतकी किळस आली की पाणी आणायच्या निमित्ताने मी आत निघून गेले. बाहेर आले तर म्हणाले, "वहिनी, प्राध्यापक लिहू का नुसतं सर? सर म्हटलं त जागा वाचते." आणि पुन्हा रडू लागले. ते रडणे खरे होते. म्हणूनच या माणसाचे काय करावे ते मला कधी कळले नाही.

सई, अर्णव, तुम्ही तिकडे विजेची गाडी घेतलीत आणि परवा फोनवर विचारलेत, चीनच्या स्वस्त गाड्यांवरून देशादेशांत जे भांडण लागले आहे त्याचे अकोल्यात काही कळते का. कळते की. पण कसे कळते ते सांगायचे तर दणकाभाऊंबद्दल सांगावे लागेल, कारण आमच्या गावात ते भांडण त्यांच्याच हातून येत असे.

ते इथल्या एका दैनिकात उपसंपादक होते. देश-विदेशाचे पान त्यांच्याकडे. इंग्रजीतून आलेल्या बातमीचे मराठी करायचे आणि वर मथळा चढवायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेले, त्यामुळे अडलेला शब्द घेऊन ते संध्याकाळी आमच्याकडे येत. चहा घेत, शब्दाचा अर्थ नीट ऐकून घेत आणि ऑफिसात जाऊन तिसरेच काहीतरी छापत. त्यांच्या मथळ्यांत कोणीतरी कोणाला दणका दिल्याशिवाय पान पूर्ण होत नसे, म्हणून तुमच्या आजोबांनी त्यांचे नाव दणकाभाऊ ठेवले. त्यांना ते पदवीसारखे वाटले. नवीन माणसाला स्वतःच तशी ओळख करून देत.

अमेरिकेने चीनच्या विजेच्या गाड्यांवर जबर आयात शुल्क बसवले तेव्हा मथळा आला, 'ड्रॅगनला अमेरिकेचा दणका'. युरोपनेही शुल्क वाढवले तेव्हा, 'आता युरोपनेही हाणली थोबाडीत'. जणू खंडोबाच्या जत्रेतली कुस्ती चालली होती आणि आपण फेटे उडवायला बसलो होतो. मी त्यांना म्हटले, "भाऊ, शुल्क चीन भरत नाही. तिथला मागवणारा भरतो आणि शेवटी गाडी घेणाऱ्याच्या खिशातून जाते. हे कुठे लिहिले आहे?"

"लिवलं हाये न वहिनी. तिसऱ्या परिच्छेदात."

"तो वाचतो कोण?"

"कोनीच नाई. म्हनून त तिथं लिवलं."

आणि एक गोष्ट मी त्यांच्या पानावर शिकले. शुल्क तेच असते, पण कोणी लावले त्यावर त्याचे नाव ठरते. अमेरिकेने चीनवर लावले तर दणका. चीनने उलट काही केले तर मुजोरी. आपण लावले तर देशी उद्योगाला संरक्षण, आणि आपल्यावर कोणी लावले तर अन्याय. मी हे बोलून दाखवले तेव्हा ते खूश झाले. "तुमी बराबर पकडलं. आंदी पाहाचं कोन कोनाले मारून राहिला. मंग शब्द काढाचा." त्याच पानावर खाली विजेच्या स्कूटरच्या शोरूमची अर्धे पान जाहिरात असे. त्या स्कूटरची बॅटरी चीनहून येते हे शोरूमवालाच गिऱ्हाइकांना सांगे. "वर चीनले शिव्या, खाली चीनची बॅटरी," दणकाभाऊ चहा फुंकत म्हणाले. "पान कसं बॅलन्स झालं."

वर्तमानपत्र वाचून झाले की मी साबणाने हात धुते. तुमची आई याला माझा शिस्तीचा अतिरेक म्हणते. शाई निघावी म्हणून धुते असे मी सांगत असे.

आता रफीकभाई. त्यांची ई-रिक्षा होती. दणकाभाऊंना रोज ऑफिसला तेच सोडत आणि मला बाजारात. रिक्षात पुढे काचेजवळ घडी केलेला पेपर असे, आणि सिग्नलला थांबले की रफीकभाई मथळे वाचत. "भाऊचा पेपर हाये," असे इतर सवाऱ्यांना सांगत. एके दिवशी रिक्षाची मोटर जळाली. शोरूमवाला म्हणाला, मोटर नाही. मोटरमधले चुंबक चीनहून येते, आणि चीनने भांडणाच्या रागात चुंबके बाहेर पाठवणे अडवून धरले आहे. कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे ज्याला एवढे दणके बसले होते, त्याने हात झटकला तर रिक्षा बंद पडली आमच्या रफीकभाईंची.

रफीकभाईंच्या साळ्याकडे, भातकुलीला, एक जुनी पेट्रोलची ऑटो विकायची होती. साळा म्हणाला, घेऊन जा, नाहीतर दुसरा गिऱ्हाईक उभा आहे. रफीकभाईंनी थोडा वेळ मागितला.

त्याच संध्याकाळी दणकाभाऊंचा फोन आला. इंग्रजी बातमी अशी होती की काही कंपन्यांच्या अर्जांवर चीन विचार करायला तयार आहे. त्यांनी मला ते वाक्य वाचून दाखवले. मी अर्थ सांगितला आणि वर म्हटले, "भाऊ, विचार करणार, एवढेच आहे. दिले असे नाही."

पलीकडे अंगठा पेरांवरून फिरत असणार.

"वहिनी, 'इचार करणार' दोन कॉलमांत बसत नाई. 'कोंडी फुटली' बसते."

सकाळी मथळा होता, 'चुंबकांची कोंडी फुटली'. खाली तिसऱ्या परिच्छेदात विचार होता.

रफीकभाईंनी मथळा वाचला आणि साळ्याला कळवले की ऑटो नको, माझी मोटर येऊन राहिली. साळ्याने ती त्याच दिवशी दुसऱ्याला दिली. मोटर आली नाही. पावसाळा सरला, दिवाळी गेली, रिक्षा अंगणात ताडपत्रीखाली उभी. पन्नाशी उलटलेले रफीकभाई धान्य बाजारात पोती उतरवायला जाऊ लागले. दणकाभाऊंनी त्यांना तिथे पाहिले, पाठीवर पोते घेतलेले. रफीकभाईंनी पोत्याखालूनच सलाम केला आणि विचारले, "भाऊ, कोंडी फुटली होती न? मंग माल कुठं अडकला?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होते की भाऊंना ठाऊक असेल.

त्या संध्याकाळी दणकाभाऊ माझ्याकडे आले आणि चहा तसाच ठेवून त्यांनी मला हे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात मागणी केली की त्या मथळ्याचा खुलासा छापा. त्यांचा संपादक त्यांच्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "काका, खुलासा कोणाचा? चीनचा? त्यांचा फोन आला का?" सगळे हसले. भाऊ म्हणाले, "रफीकचा." तेव्हा तर जास्तच हसले. परक्या देशाच्या बातमीने अकोल्यात कोणाचे नुकसान होते, ही कल्पनाच त्या ऑफिसात कोणाला शिवलेली नव्हती. परदेशी बातमी म्हणजे फुकटचा तमाशा. तीत कोणालाही काहीही म्हणावे, दारात कोणी येत नाही. मला त्या हसणाऱ्यांची शिसारी आली, आणि भाऊंनाही मी बोलले, कारण हे त्या पोरांना त्यांनीच शिकवले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "हो. माह्यावालेच चेले हायेत."

मग त्यांनी जे केले ते पेपरात हाडे झिजवलेल्या माणसालाच सुचावे. ते तळमजल्यावर जाहिरातींच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले आणि पैसे भरून छोट्या जाहिरातींत एक 'जाहीर खुलासा' दिला. त्या जाहिराती वरच्या मजल्यावर कोणी वाचत नाही हे त्यांना पक्के माहीत होते. हरवलेले पाकीट आणि पाहिजे असलेला स्वयंपाकी यांच्या मधोमध तो छापून आला. 'चुंबकांची कोंडी फुटली हा मथळा चुकीचा होता. कोंडी फुटलेली नव्हती. चीन फक्त विचार करणार होता. मथळा मी दिला होता.' खाली पूर्ण नाव. दणका कुठेच नाही.

तो अंक घेऊन ते रफीकभाईंच्या घरी गेले. मीही सोबत होते. रफीकभाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. "भाऊ, मी त वरचं मोठं वाचतो. हे एवढं बारीक कोन वाचते?"

दणकाभाऊंनी त्या चार ओळी त्यांना वाचून दाखवल्या. हळू, एकेक शब्द. रफीकभाई ऐकून म्हणाले, "मंग तवाच असं मोठ्यानं लिवाचं न भाऊ." आणि त्यांनी बायकोला सरबत करायला सांगितले.

ऑफिसात दोन दिवसांनी कोणाच्यातरी लक्षात आले. भाऊंना घरी बसवले. ते अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. मी एकदा भेटायला गेले होते. खूप बोललो, मांडीवरचा हात मात्र हलला नाही. निघताना म्हणाले, "वहिनी, मी गेलो त पेपरवाल्याइले सांगा, दणका नोका घालू."

मी सांगितले. फोन केला, पत्रही दिले. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन कॉलमांत मथळा होता, 'वऱ्हाडच्या पत्रसृष्टीला काळाचा दणका'. मी अंक खाली ठेवला आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धुतले.

नळ बंद केला तर दारात रफीकभाई. मोटर शेवटी मिळाली होती, रिक्षा फाटकाशी उभी होती. हातात तोच अंक, घडी करून आणलेला. बसा म्हटले तर बसले नाहीत.

"मॅडम, वरचं मी वाचलं," ते म्हणाले. "आता खालचं बारीक वाचून सांगा."

मी चष्मा लावला आणि तिसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात केली.