बारा शेर दगड

सालबर्डीच्या अलीकडे, नदीच्या काठावर, पंजाबराव भगतानं पार्बताबाईच्या गाठोड्याला काठीनं ढोसलं.

"बाई, काय हाय यात? तीन दिस झाले, इचारीन इचारीन म्हणतो."

"दगड."

"दगड?"

"बारा शेर."

शिवरात्रीसाठी भगताच्या मागं महादेवाच्या डोंगराकडे पायी निघालेली ती चौदा माणसं. सगळी हसली. "डोंगरावर दगड नेऊन राहिली. तथी कमी पडले काय वो, माय?"

पार्बताबाई हसली नाही. ती चिरलेल्या टाचेत गोवरीची राख दाबत होती.

चांदूर बाजारजवळची ही माळीण. तिच्या मळ्यात पूर्वी वांगी होती, झेंडू होता. मग सातासमुद्रापार कुठं लढाई लागली, कापसाचा भाव चढला आणि नवऱ्यानं, खुशालरावांनी, सगळा मळा उपटून कपाशी पेरली. त्याच साली पटकीच्या साथीत तिची जमुना थंडगार पडली होती. पार्बता नवस बोलली: पोर वाचू दे, तिच्या भाराचा त्रिशूल अनवाणी घेऊन येते. पोर वाचली. मग दर माघात खुशालराव म्हणत, "औंदाची वेचणी होऊ दे. देव काय पळून चालला?"

तीन वेचण्या झाल्या. चौथ्या माघात जमुनेला तापानं धरलं. सोळा दिवस झाले, उतरेना.

"मी निघते," पार्बता म्हणाली.

"शेवटच्या वेचणीच्या तोंडावर?"

"पोरीच्या तोंडाकडं पाहा जरा."

कापूस जोखायच्या तराजूत नऊ वर्षांची जमुना बसवली. वीस शेर भरली. लोहारानं हात झटकले. "लोखंड सारं गाड्यांच्या चाकांच्या धावांत गेलं, बाई. आठ शेराचा होईल. पटत असंन तर घे."

उरलेला भार तिनं नदीतून आणला. जमुनेनं खाटेवरून एकेक दगड हाती घेऊन पाहिला. "हे माहं डोक्शं. हा पाय. हा दुसरा लहान हाय, माय, लंगडी करतं काय मले? बदलून आण."

माय बदलून घेऊन आली.

वाट मात्र काळ्या मातीची. कापसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या खोल कापलेल्या, आता वाळून त्यांच्या कडा विळ्यासारख्या झालेल्या. दुसऱ्या दिवशी टाच फाटली. शेजारून जाणाऱ्या गाडीवानाकडे तिनं जखमेसाठी चिमूटभर कापूस मागितला. तो म्हणाला, "कापसाचे बोरे जोखून भरले हायत, बाई. हात नको लावू." तिच्या घरी कापूस आढ्याला टेकला होता.

"आयक," भगत आता हळू बोलला. "नदीपल्याड वाघाचं रान हाय. मागं राहणाऱ्यासाठी आमी थांबत नाई. दगड पाण्यात टाक. महादेव भोळा हाय, तो काय तराजू घेऊन बसला?"

"त्यानं नाई धरला. म्या धरला होता."

"मंग वापस जा. घरी पोर तशी पडून, आन तू इकडं..."

तो काठी उचलून पाण्याकडे वळला. पण तिच्याही मनात तीन दिवस हेच चाललं होतं. पोरीला त्रिशूल हवा होता की पेज? खुशालराव दिवसभर वावरात. तिचे ओठ कोण ओले करत असेल?

माणसं निघून गेली. टाच सगळा भार एका खेपेत पेलेना. तिनं आधी त्रिशूल पलीकडे नेला, झाडाला टेकवला आणि दगडांसाठी परत फिरली. परत फिरलं की तोंड घराकडे होत होतं.

गाठोड्यापाशी कापसानं भरलेली गाडी उभी. गाडीवान शालिकराम, त्यांच्याच गावचा.

"पाय सुजला, वैनी. बस गाडीत. मऊ हाय. उद्या दुपारी घरी."

तिनं गाडीच्या दांडीला हात लावला. "तू कवा निघाला?"

"परवा. इकडचा कापूस भरला, आता वापस."

"आमच्या घरावरून आला?"

"व्हय. खुशालराव वावरात होते. दार लोटून होतं."

"आत कन्हत होती काय?"

शालिकरामानं बैलांच्या मानेवरून हात फिरवला. "म्या काई आयकलं नाई."

बराच वेळ तिचा हात दांडीवर होता. बैलानं पाय बदलला, गाडी हलली, तेव्हा तो सुटला.

"जमुनेले सांगजो. म्हणा माय नदी उतरून राहिली. डोक्शं, दोनी पाय, सारं हाय. एकही टाकला नाई."

त्याला काही कळलं नाही. तरी त्यानं मान हलवली. मग थांबून म्हणाला, "आन झोपून असंन तर?"

"उठवजो."

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पाण्यात पाय घातला.