डावी लेस

चार बायका सुया घेऊन बसल्या की लेस वीतभर होते आणि किस्से हातभर. हात गुंतलेले, तोंड मोकळं, दुसरं होणार तरी काय! इंदापुरात मालूताईंच्या ओसरीवर आम्ही दुपारची भांडी आवरून जमायचो. मालूताईंचं माहेर बारामतीचं. क्रोशाचं विणकाम त्यांनीच गावात आणलं. दुसऱ्या गंगूकाकू, मळ्यात भाजी पिकवणाऱ्या. तिसरी मी, मास्तरांची नवी बायको. आणि चौथी कमळ.

कमळ ही गंगूकाकूंची भाची, डाळजची. लग्न जमेपर्यंत मावशीकडे राहायला आलेली. पोरगी गुणी, पण डावखुरी. आईनं हातावर फटके देऊन जेवण उजव्या हातावर आणलं होतं, सुई मात्र डाव्याच हातात चालायची. दोन ठिकाणची सोयरीक त्या डाव्या हातानं मोडली होती. डाव्या हाताची सून घरात नको, असं लोक तोंडावर म्हणायचे.

मालूताईंनी तिला शेजारी बसवून शिकवलं, जमेना. मग एक दिवस कमळ आपणहून त्यांच्या समोर जाऊन बसली आणि आरशात बघावं तसं बघत सगळं उचललं. मला त्याचं फार नवल वाटलं. घरी जाऊन मी डाव्या हातानं विणायला बसले, तर साधी साखळी पडेना.

* * *

क्रोशात उभ्या टाक्याला खांब म्हणतात, आणि बुटक्या टाक्याला मुका खांब. मालूताई नमुना मोठ्यानं सांगायच्या आणि घाईत खांब गाळून टाकायच्या.

एकदा गंगूकाकूंचे यजमान तात्या त्यांना बोलवायला आले. आतून मालूताईंचा आवाज आला, "आधी तीन मुके घ्या. मग एक सोडा. परत तीन मुके."

तात्या हाक न मारताच परत गेले. संध्याकाळी काकूंना विचारलं, "तितं नक्की काय शिकिवत्यात?"

"मुका खांब," काकू म्हणाल्या.

तात्यांनी बराच विचार केला. "खांब मुकाच असतोय. बोलनारा खांब कुनी बघितलाय?"

* * *

क्रोशाच्या सुया इंदापुरात मिळत नसत. बारामतीहून मागवलेली सुई हरवली की बोंब. मग मालूताईंनी युक्ती काढली. सायकलच्या चाकाची तार घ्यायची, टोक घासून आकडा करायचा, झाली सुई.

आमचे मास्तर सायकलवरून वरकुट्याच्या शाळेत जायचे. काही दिवसांनी म्हणाले, "चाक लटपटतंय गं." मी म्हटलं, रस्ता खराब आहे.

ते दुकानात गेले. दुकानदारानं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्या गावात सायकली पाच आन् तारा खपत्यात पन्नास. मला तर काय उमजंना."

मास्तरांनी घरी येऊन माझ्या हातातल्या सुईकडे नुसतं पाहिलं.

* * *

मालूताईंनी टेबलक्लॉथ विणायला घेतला. कडेनं कमळं, मध्ये मोर. पुरा झाल्यावर धुवायला गंगूकाकूंच्या विहिरीवर नेला आणि कुंपणावर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी पोळा.

मिरवणुकीत तात्यांचा बैल सगळ्यांत उठून दिसत होता. पाठीवर पांढरीशुभ्र झूल, कडेनं कमळं, मध्ये मोर! तात्यांना वाटलं, बायकोनं एवढे दिवस बैलासाठीच विणलं. तिच्याकडे ते इतक्या कौतुकानं बघत होते की काकूंना बोलवेना.

आम्ही मालूताईंकडे बघितलं. आता काय होतंय, म्हणून जीव मुठीत.

"राहू दे," मालूताई म्हणाल्या. "आमच्याकडे तरी टेबल कुठं आहे?"

* * *

मग कमळला बघायला पळसदेवची माणसं आली. मुलगा शांत, घरची बागायत, सगळं बरं होतं. पण निर्णय मुलाच्या आत्याच्या हातात. मुलीकडच्या बायका म्हणून आम्हीही विणकाम मांडीवर घेऊन बसलो होतो. ताटावरचा लेसचा रुमाल आत्याबाईंनी उलटासुलटा करून बघितला.

"तूच विनलास? मग जरा विनून दाव की."

गंगूकाकूंचा चेहरा पडला. कमळनं सुई उजव्या हातात घेतली. दोरा अडकला, सुटला, परत अडकला. ही तिसरी सोयरीक. हीही गेली असं मला वाटलं.

तेवढ्यात मालूताईंनी गुपचूप आपली सुई डाव्या हातात घेतली. ते बघून गंगूकाकूंनी घेतली. मग मीही. आम्ही तिघी खाली मान घालून नुसता दोरा गुंतवत होतो.

आत्याबाई बघतच राहिल्या. "आगं, तुमी समद्याच डाव्या हातानं?"

"ही लेस डाव्या हातानंच विणतात, आत्याबाई," मालूताई म्हणाल्या. "उजव्या हातानं विणली तर उसवते."

कमळनं वर बघितलं. सुई डाव्या हातात घेतली आणि बघता बघता लेसचं एक पान उभं राहिलं.

"हात लई चलाख हाय पोरीचा," आत्याबाई म्हणाल्या. सुपारी त्याच दिवशी फुटली.

* * *

कमळच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. मास्तर भीमेकाठचं देऊळ बघायला पळसदेवला निघाले, मीही गेले. तिथवर जाऊन कमळला न भेटता कशी येणार?

ओसरीवर आठ-दहा बायका विणत होत्या. कमळ शिकवत होती, आणि मध्ये आत्याबाई, डोळ्यांना चष्मा, हातात सायकलच्या तारेची सुई. मी जरा वेळ बघत राहिले, तेव्हा कुठं ध्यानात आलं. सगळ्या पळसदेवच्या सुया डाव्या हातात. आत्याबाईंना घाम फुटला होता, पण त्यांनी टाका सोडला नव्हता.

मीही कौतुकानं पिशवीतनं माझं विणकाम काढलं आणि त्यांच्यात बसले. दोन टाके घातले असतील, आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"मास्तरीनबाई, आसं कुनी शिकिवलं तुमास्नी? उजव्या हातानं उसवतंय ते."

मी कमळकडे पाहिलं. ती मान खाली घालून मुके मोजत होती.

मी सुई डाव्या हातात घेतली.